वेगावरील पहारा

२०२२ सालच्या जून महिन्यात आपल्या वऱ्हाडाचे नाव जगाच्या विक्रमपुस्तकात नोंदले गेले. आणि ते कापसामुळे नव्हे, संत्र्यांमुळेही नव्हे, तर डांबरामुळे. अमरावतीहून अकोल्यास जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला. ३ जूनच्या सकाळी आरंभ झाला आणि ७ जूनच्या सायंकाळी यंत्रे थांबली. मधल्या चारही रात्री काम अखंड चालू होते. कतार देशाने २०१९ साली दहा दिवसांत सव्वापंचवीस किलोमीटरचा जो पराक्रम केला होता, तो त्यामुळे मागे पडला.

त्या आधीची कित्येक वर्षे ज्यांनी या रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेतली, त्यांना हा विक्रम किती गोड वाटला असेल हे निराळे सांगावयास नको. परंतु खड्ड्यांचा एक गुण त्यांच्या निंदकांनी कधी ध्यानात घेतला नाही. खड्डा हा निर्दय पण निःपक्षपाती पहारेकरी असतो. त्याला वशिला चालत नाही, त्याच्यापुढे आमदाराची मोटार आणि कडब्याने भरलेला ट्रॅक्टर दोघेही सारखेच हळू होतात. खड्डे होते तोवर वेगमर्यादेची पाटी वाचण्याची कोणास गरज भासत नसे. खड्डे बुजले, आणि त्यांच्या जागी पहाऱ्यास कोणाला उभे करावयाचे, हा प्रश्न उरला. त्यास हल्लीच्या सरकारांनी दिलेले उत्तर म्हणजे वेग मोजून छायाचित्र टिपणारा कॅमेरा. या कॅमेऱ्याने माणसे वाचतात, की केवळ खजिना भरतो, हा वाद आज घरोघर ऐकू येतो. मात्र तो आजचा नाही. त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या घरात आहे, आणि त्याच्या जन्मकाळी कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही एक संबंध नव्हता.

आपल्याकडे वेग आला तो आगगाडीबरोबर. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. ज्या प्रांतात तासाला कोस-सव्वा कोस ही बैलगाडीची चाल हीच जगाची चाल होती, तेथे लोकांनी आगगाडीचा वेग फारशी कुरकुर न करता पत्करला. याचे कारण उघड आहे. आगगाडीने स्वतःपुरती निराळी वाट बांधून घेतली, तिला कुंपण घातले, फाटकावर माणूस बसविला. मोटारीने तसे काही केले नाही. ज्या वाटेवरून गुरे जात, बायका पाण्याला जात, पोरे खेळत, तीच वाट तिने घेतली आणि तिच्यावर आपला वेग आणला. मोटारीविरुद्धच्या साऱ्या कायद्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इंग्लंडात पार्लमेंटाने १८६५ साली वाफेच्या रस्तागाड्यांसाठी ठरविलेली मर्यादा उघड्या रस्त्यावर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैल अशी होती. शिवाय गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावयाचे. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने गावातून ताशी आठ मैलांनी मोटार हाकली, तेव्हा एका पोलीस शिपायाने सायकलवर पाठलाग करून त्यास गाठले. वेगाबद्दल त्यास एक शिलिंग दंड झाला. अतिवेगाचा पहिला दंड म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी निशाणवाल्यास रजा मिळाली आणि मर्यादा १४ मैलांवर गेली. १९०३ च्या कायद्याने ती २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर झाली, आणि त्याबरोबरच प्रत्येक मोटारीच्या पाठीवर क्रमांक आला. माणूस न ओळखता गाडी ओळखावयाची, ही आजच्या चलानाची सारी किमया त्या क्रमांकाच्या पाटीत आहे.

यानंतर जो खेळ सुरू झाला तो मोठा मनोरंजक आहे. पोलिसांनी रस्त्यावर फर्लांगभर अंतर मोजून दोन्ही टोकांस झुडपाआड माणसे बसविली. मोटार पहिल्या खुणेवरून गेली की एकाने रुमाल हालवावयाचा, दुसऱ्याने घड्याळाची कळ दाबावयाची. मोटारवाले खवळले. घड्याळ चुकीचे आहे, हा त्यांचा पहिला आक्षेप. धोक्याच्या गावाजवळ कोणी बसत नाही, मोकळ्या सरळ रस्त्यावर, जेथे सावज सहज सापडते तेथेच सापळा लावतात, हा दुसरा. आणि हे सर्व परगण्याची तिजोरी भरण्यासाठी चालले आहे, हा तिसरा. आज पुणे रस्त्यावर चलान आलेला गृहस्थ जे बोलतो त्यात या तिघांखेरीज चौथा मुद्दा मला तरी आढळला नाही.

१९०५ साली लंडनमध्ये मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संस्था काढली ती मुख्यत्वे या सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठी. तिचे सायकलस्वार जासूद रस्त्यावर फिरत आणि सभासदाची गाडी दिसली की इशारा करीत. १९१० साली न्यायालयाने निकाल दिला की, वेगात असलेल्या मोटारवाल्यास असा इशारा देणे हा पोलिसांच्या कामात अडथळा होय. संस्थेने त्यावर काढलेली तोड इंग्रजी वकिली बुद्धीला शोभेल अशीच होती. जासुदाने एरवी प्रत्येक सभासदास सलाम करावयाचा. पुढे सापळा असेल तर मात्र सलाम करावयाचा नाही. सलाम न केल्याबद्दल कोणास शिक्षा करणार?

अखेर १९३० साली पार्लमेंटाने कंटाळून मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ साली त्या देशात रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. मोटारींची संख्या आजच्या मानाने अगदीच थोडी असताना हा आकडा होता. १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आली, आणि त्या वर्षी मृत्यूंचा आकडा खाली उतरला. हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्याने परवाना व नोंदणी आणली, १९३९ च्या कायद्याने वेगमर्यादांस निश्चित रूप दिले, आणि १९८८ च्या कायद्याने ती चौकट आजच्या काळास जुळवून घेतली. कायदा कागदावर होता. वेग मोजणारा मात्र रस्त्यावर क्वचितच होता.

आता यंत्राची गोष्ट. मोटारींच्या शर्यतीत वेग मिळविणाऱ्या माणसानेच वेग पकडणारे यंत्र काढावे, हा योगायोग कादंबरीकाराला सुचला असता तर टीकाकारांनी तो अवास्तव ठरविला असता. मॉरिस गॅट्सोनिडेस या डच शर्यतपटूने १९५३ साली माँटे कार्लोची प्रसिद्ध शर्यत जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती असतो आणि तो कसा वाढविता येईल, हे समजून घेण्यासाठी त्याने रस्त्यावर दोन रबरी नळ्या टाकून त्यांवरून चाक जाण्यास लागणारा वेळ मोजण्याची युक्ती केली. १९५८ साली त्याने त्यासाठी कंपनी काढली. गिऱ्हाईक मात्र शर्यतवाले मिळाले नाहीत, पोलीस मिळाले. पुढे नळ्यांची जागा रडारने घेतली. बडनेऱ्याच्या फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी शिटी वाजवीत येते तेव्हा आवाज उंच लागतो आणि ती पुढे निघून जाताच एकदम उतरतो, हे आपण ऐकले असेल. ऑस्ट्रियातील डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली या प्रकाराचा नियम सांगितला. रडार तोच नियम रेडिओलहरींस लावते आणि परतलेल्या लहरीच्या फरकावरून गाडीचा वेग काढते. त्यास कॅमेरा जोडला की झुडपाआडच्या दोन शिपायांचे काम एक खांब करू लागतो.

ब्रिटनमध्ये असा पहिला खांब १९९२ साली लंडनच्या पश्चिमेस ट्विकनहॅम पुलावर उभा राहिला. हजारो खांब पुढे आले, आणि त्यांबरोबर आकडे आले. २००५ च्या एका सरकारी अहवालाने सांगितले की, कॅमेरे बसविलेल्या ठिकाणी मरणारे व गंभीर जखमी होणारे लोक ४२ टक्क्यांनी घटले. येथे विरोधकांनी जो प्रश्न काढला तो खरोखर बिनतोड होता, आणि तो समजून घेतल्यावाचून या वादात मत देऊ नये असे मला वाटते.

समजा, अकोल्याकडील एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात एका वर्षी कपाशीचा उतारा फारच कमी आला. त्याने बांधावर लिंबू-मिरची बांधली. पुढल्या वर्षी पाऊस नेहमीसारखा झाला आणि उतारा नेहमीसारखा आला. श्रेय लिंबाला मिळाले. कॅमेरा कोठे बसवितात? जेथे गेल्या दोन-तीन वर्षांत पुष्कळ अपघात झाले तेथे. परंतु अतिशय वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा कमी वाईट असते, मग खांब रोवा अथवा रोवू नका. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली माणसांच्या उंचीवरून ही सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती दाखवून दिली होती. त्या सरकारी अहवालातच, शहरी ठिकाणांचा हा हिशेब घातला तेव्हा घटीचा बराच मोठा वाटा या परतण्याचा असल्याचे निघाले. कॅमेरा निर्दोष नव्हे, पण त्याची जाहिरात फुगलेली होती, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

याउलट, फुगवटा काढून टाकल्यावर काहीच उरत नाही, हे विरोधकांचे म्हणणेही टिकले नाही. २०१० साली कॉक्रेन या संस्थेने निरनिराळ्या देशांतील ३५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांपैकी ज्या २८ अभ्यासांनी अपघात मोजले होते, त्या सर्वांत अपघात घटलेले आढळले. प्राणघातक व गंभीर अपघातांतील घट ११ पासून ४४ टक्क्यांपर्यंत होती. अभ्यासांचा दर्जा मध्यम आहे, हेही परीक्षकांनी मोकळेपणी सांगितले. २०१७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एका संशोधकाने अडीच हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचा हिशेब घातला. खांबापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. दीड किलोमीटरच्या पलीकडे मात्र अपघात पुन्हा डोके वर काढीत असल्याची चिन्हे होती. खांब दिसला की पाय ब्रेकवर, खांब मागे पडला की पाय पुन्हा दाबला, हा मनुष्यस्वभाव आकड्यांतून जसाच्या तसा उतरला.

वेग थोडा उतरल्याने इतके माणूस वाचते कसे, अशी शंका काहींना येते. स्वीडनमधील गोरान निल्सन यांनी आपल्या देशात वेगमर्यादा वरचेवर बदलल्या गेल्या त्या काळाच्या नोंदींवरून एक नियम बसविला: प्राणघातक अपघात वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. सरासरी वेग पाच टक्के उतरला तर असे अपघात सुमारे अठरा टक्के उतरतात; दहा टक्के वाढला तर ते सेहेचाळीस टक्के वाढतात. साठऐवजी सत्तरने गेल्यास काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

परंतु केवळ आकड्यांनी कॅमेरा उभा राहत नाही, लोकांचा विश्वास असावा लागतो. ब्रिटनमध्ये काही वर्षे दंडाच्या रकमेतूनच नवे कॅमेरे विकत घेण्याची व्यवस्था होती. तिने संशयाला जे खाद्य पुरविले ते ती व्यवस्था २००७ साली बंद झाल्यावरही पचले नाही. फ्रान्सने २००३ पासून कॅमेरे लावले, आणि पुढील काही वर्षांत तेथील मृत्यूसंख्या फार मोठ्या प्रमाणात उतरली. तरीसुद्धा २०१८ च्या अखेरीस करांविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले तेव्हा लोकांनी कॅमेरे फोडले, जाळले, रंगाने माखले; देशातील सुमारे साठ टक्के कॅमेरे त्यात सापडल्याचे तेथील गृहमंत्र्यांनी सांगितले. ज्या यंत्राने जीव वाचविले, त्यालाच लोकांनी करवसुली कारकून समजून झोडपले.

आता घराकडे वळू. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार कायद्यात यंत्राद्वारे देखरेखीचे कलम आले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ज्या १३२ शहरांत ही यंत्रे लावावयाची त्यांची यादी नियमांस जोडली आहे. तीत महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत, आणि अकोला व अमरावती ही दोन्ही त्यांत आहेत. यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करून घ्यावे, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत जावी, आणि पुढे देखरेख आहे अशी पाटी ठळकपणे लावावी, असे नियम सांगतात. १९१० साली ज्या इशाऱ्याला न्यायालयाने अडथळा म्हटले, तो इशारा आज सरकारचे कर्तव्य झाला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून ही यंत्रणा सुरू झाली. वर्षभराने, २०२५ च्या जुलैच्या आरंभी, राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप पुकारला. त्यांचे गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. दंड मालकाच्या नावावर येतो, वेग चालकाच्या पायात असतो, आणि गाठावयाची वेळ ठरविणारा व्यापारी तर या हिशेबात कोठेच नसतो.

वऱ्हाडाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो समृद्धी महामार्ग. सातशे एक किलोमीटरचा हा रस्ता अमरावती, वाशीम व बुलढाणा हे जिल्हे कापीत जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा पुरा झाला. मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. येथे परिवहन खात्याने २०२३ साली जो उपाय योजला तो आपल्याला ओळखीचा वाटेल. गाडी मार्गावर शिरली ती वेळ आणि बाहेर पडली ती वेळ ताडून पाहावयाची. त्या अंतराला लागावयाचा त्याहून कमी वेळ लागला असेल, तर चालकास नाक्यावरच समुपदेशनास बसवावयाचे. झुडपाआडचे दोन शिपाई आणि त्यांचे घड्याळच हे; फर्लांगाऐवजी शेकडो किलोमीटर, एवढाच फरक. आणि हीच पद्धत सर्वांत गुणकारी असल्याचा पुरावा आहे. ब्रिटनमधील अशा सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचा २०१६ साली अभ्यास झाला. सरासरीकडे परतण्याचा फुगवटा वजा करूनही प्राणघातक व गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटलेले निघाले. एका खांबाला फसविता येते, साऱ्या प्रवासाला फसविणे कठीण.

तथापि कॅमेऱ्याची दृष्टी कोठे संपते हेही याच मार्गाने दाखविले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून मेली. टायर फुटला की चालकास डुलकी लागली, याचीच चर्चा त्या दिवसांत चालली होती. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असून मन झोपते, यास महामार्गाचे संमोहन म्हणतात. त्या झोपेचे छायाचित्र निघत नाही. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत. हा आकडा मी सावधपणे घेतो. टक्कर होऊन गेल्यावर वेग मोजावयास तेथे कोणी नसतो, आणि तक्ता भरणाऱ्यास अतिवेगाचे घर सर्वांत सोयीचे असते.

त्याच अहवालातील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. मेलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. म्हणजे दर पाचांतील तिघांहून अधिक लोक मोटारीच्या पत्र्याबाहेरचे. गेली सव्वाशे वर्षे या वादात दोनच पक्ष बोलत आले आहेत, मोटारवाला आणि सरकार. एक म्हणतो लूट, दुसरे म्हणते सुरक्षा. ज्याच्या जिवावर हा वाद चालतो त्याची संस्था नाही, त्याचे जासूद नाहीत, त्याचा संप नाही.

म्हणून कॅमेरा हवा की नको, यापेक्षा तो कोठे हवा, याला मी अधिक किंमत देतो. अमरावती-अकोला रस्त्यावरून शंभर किलोमीटर जाताना जागोजाग शेताची पांदण थेट महामार्गावर चढते. तिच्यावरून कापसाची गाडी येते, मागे दोघांना बसवून दुचाकी येते, संध्याकाळी निंदणाहून परतणाऱ्या बाया चालत येतात. मोकळ्या सपाटीवर खांब रोवला तर चलाने पुष्कळ निघतील, कारण तेथे सारेच पळतात. पांदणीच्या तोंडाशी, अथवा गावाच्या शाळेसमोर, पाटी लावून खांब रोवला आणि दोन गावांमधील सरासरी वेगही मोजला, तर चलाने कदाचित कमी निघतील. तेव्हा वर्षाअखेर निघालेल्या चलानांवरून यंत्राचे यश मोजणाऱ्या अधिकाऱ्यास हा दुसरा खांब तोट्याचा वाटेल, आणि तो उपटून सपाटीवर नेण्याची सूचना कोणीतरी करील. त्या सूचनेच्या कागदावर काय शेरा पडतो, हे अकोल्याच्या व अमरावतीच्या नागरिकांनी जागरूकपणे पाहावे.